आम्ही मोठंच इंजिन घेतलं

आमच्या गाडीचं इंजिन फुटलं, ही गोष्ट खानापुरात एका दिवसात सगळ्यांना कळली. आता ती गाडी आम्ही विकणार, हेही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

गाडी लष्करी होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक आमच्या ह्यांनी घेतली होती. पुढच्या आणि मागच्या, चारी चाकांना इंजिनाची ओढ असल्यामुळे रस्ता नसला तरी तिचं अडत नसे. ओढ्यातून, चिखलातून, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमधून ती वाट काढी. खानापूरच्या पश्चिमेच्या जंगलातून सागाचे, ऐनाचे ओंडके रेल्वे स्टेशनवर आणून टाकायचे, हा आमचा धंदा. जंगलतोडीचा ठेका एका बड्या माणसाकडे होता. त्याला सगळे सावकार म्हणत. लाकूड त्याचं, वाहायचं आम्ही.

त्या दिवशी त्याच्या माणसांनी गाडीवर नेहमीपेक्षा जास्त ओंडके चढवले. हे नको म्हणत होते, पण ऐकतो कोण. चढाच्या मध्यावर इंजिनात खडखड सुरू झाली, मग एक मोठा आवाज झाला आणि आतला दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. सगळं तेल वाटेवर सांडलं. हे पायी चालत घरी आले, हातपाय न धुता पडवीत बसले आणि म्हणाले, "संपलं गं."

"काय संपलं?"

"इंजिन."

"आनि गाडी?"

"इंजिनाबिगर गाडी म्हंजे काय? लोखंड."

सावकार दुसऱ्याच दिवशी घरी आला. यायची त्याची रीत नव्हती; तो माणूस पाठवून बोलावून घेत असे. पडवीत घोंगड्यावर बसला, मी केलेला चहा प्याला आणि ह्यांना म्हणाला, "जे झालं ते झालं. ती गाडी मला देऊन टाक, हाय तशी. आनि तू माझ्याकडं डायवर म्हनून ये. म्हयन्याच्या म्हयन्याला पगार. डोक्याला ताप न्हाय."

हे मान खाली घालून ऐकत होते. सावकार पुढं म्हणाला, "दुसरं इंजिन बसवायचं मनात असंल तर त्येबी इचार कर. पेट्रोल रेशनावर हाय, त्याची कूपनं माझ्या नावावर येत्यात. इंजिन घालशील, पर त्यात वतशील काय?"

मी दारात उभी होते. तोवर मी त्याच्यासमोर एक शब्दही बोललेली नव्हते. तेव्हा मात्र बोलले. "गाडी इकायची न्हाय, सावकार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांच्याकडे पाहून विचारलं, "घरात कोन बोलतंय?"

मीच म्हणाले, "गाडी जिच्या घरची हाय ती बोलतीया." आतून सासूबाईंनी भांडं जोरात आपटलं. सावकार उठला, चपला घातल्या आणि गेला.

तो गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या की माझ्या जिभेनं घर बुडणार. हे म्हणाले, "पगार मिळाला असता गं. खात्रीचा."

मी विचारलं, "काल जास्तीचं वजन कुनी चढवलं?"

"त्याच्या मानसांनी."

"तुमी नको म्हनलासा. ऐकलं का त्यांनी?"

"न्हाय."

"आज गाडी तुमची असून ऐकलं न्हाय. उद्या गाडी त्याची, तुमी पगारी. मग तर नको म्हनायला तोंडबी ऱ्हानार न्हाय. दांडा गाडीचा तुटला म्हनून पायी घरी आलासा. ब्रेक तुटला असता तर?"

संध्याकाळी अंगणात जाऊन त्यांनी टेप काढली आणि वाकून जमिनीवर इंजिनाच्या जागेची मापं मांडत बसले. मी समजले.

आम्ही म्हैस विकली. तिच्या पैशात नवं इंजिन यायचा प्रश्नच नव्हता. जुनंच बघायचं होतं, आणि निवड चुकली तर दुसऱ्यांदा निवडायला हातात काही उरणार नव्हतं. मी ह्यांच्याबरोबर निघाले. हे एकटे गेले असते तर वाटेत भेटलेल्या कुणीही त्यांना समजावून परत पाठवलं असतं; स्वभाव तसा मऊ. सासूबाईंनी विचारलं, "इंजिन बघायला बाई कशाला?" मी म्हटलं, "म्हैस माझ्या म्हायेरची हुती, आत्ती. तिचं काय हुतंय ते बघायला."

आगगाडीनं बेळगावला उतरलो आणि आधी खडेबाजारात गेलो. तिथल्या एका कारखानदाराकडे मोटारीची जुनी इंजिनं मिळतात असं ऐकलं होतं. त्यानं एक काढून दाखवलं. कुण्या संस्थानिकाच्या फिरायच्या मोटारीतलं ते, असं त्याचं सांगणं. वरून ताजा हिरवा रंग दिलेला, पितळेचे भाग घासून लखलखीत केलेले. त्यानं ते लाकडी घोडीवर ठेवून चालू करून दाखवलं. आवाज इतका गोड की शिवणयंत्र चालल्यासारखा. ह्यांचा चेहरा उजळला.

मी विचारलं, "ओंडके भरून चढावर चढंल का ह्ये?"

कारखानदार ह्यांना म्हणाला, "पळायला एक नंबर आहे हो. कोल्हापूर गाठायला वेळ लागायचा नाही."

मी पुन्हा तेच विचारलं. तो पुन्हा ह्यांच्याशीच बोलला. शेवटी ह्यांनीच माझा प्रश्न विचारला, तेव्हा तो म्हणाला, "ते चालवणाऱ्यावर असतं." बाहेर आल्यावर हे स्वतःच म्हणाले, "न्हाय गं. ते पळतंय म्हनून गोड वाजतंय. हळू चालवून वजन ओढायला लावलं की गप हुईल." मला बरं वाटलं. इंजिन नाकारलं म्हणून नव्हे. इतक्या दिवसांनी ह्यांनी कशाला तरी ठामपणे नाही म्हटलं म्हणून.

तिथंच कुणीतरी सांगितलं की निपाणीला एका जैन व्यापाऱ्याकडं उसाच्या चरकाचं तेलावरचं इंजिन विकायला आहे, स्वस्तात. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. गावात शिरल्यावर तंबाखूच्या वासानं मला सारख्या शिंका येऊ लागल्या. व्यापारी वयस्क होते, पांढरी टोपी, हातात सुपारीचा अडकित्ता. गड्यांशी कानडीत बोलत, आमच्याशी मराठीत. त्यांना सगळे अण्णा म्हणत, आम्हीही म्हणालो.

अण्णांनी इंजिन दाखवलं. एकच सिलिंडर, पण हत्तीएवढं धूड, आणि बाजूला पुरुषभर उंचीचं चाक. हे त्याच्याभोवती फिरले. "ह्ये गाडीत कसं बसायचं, अण्णा?"

"न्हायच बसायचं," अण्णा म्हणाले. "तुमाला कुनी सांगितलं? ह्यो एका जागी बसून काम करनारा गडी. इकायची मला घाई हाय, पर तुमाला फसवून न्हाय इकनार. बसा, ताक घ्या."

ताक पिता पिता मी त्यांना आमची सगळी हकीकत सांगितली. सावकाराचं, कूपनांचं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तायी, लढाईत आमालाबी पेट्रोल मिळत नव्हतं. मी माझी लॉरी कोळशावर चालवली."

वखारीच्या मागं नेऊन त्यांनी दाखवलं. पत्र्याचं एक उंच पिंप, त्याच्या खाली आगीची जागा, आणि त्यातून निघून दुसऱ्या लहान पिंपात गेलेले नळ. कोळसा पेटवून त्याचा धूर, म्हणजे गॅस, गाळून आणि थंड करून इंजिनात सोडायचा. पेट्रोलची गरज नाही. लढाईच्या वर्षांत बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर अशा मोटारी आम्हीही पाहिल्या होत्या, पण घाणेरड्या आणि कटकटीच्या म्हणून लोकांनी लढाई संपताच त्या नळ्या काढून फेकल्या होत्या. अण्णांचा हा गॅसचा प्लँट गवतात गंजत होता.

"एक सांगतो," ते म्हणाले. "गॅसवर इंजिनाची ताकद घटती. तिसरा हिस्सा गेला म्हनूनच धरा. आनि सारखी साफसफाई. माझे डायवर कट्टाळून पळून गेले."

हे निराश झाले. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. माझं माहेर जंगलाच्या कडेचं. माझे वडील कोळशाच्या भट्ट्या लावत. लहानपणापासून मी भट्टीवर माती थापली होती, कोळसा निवडला होता. पेट्रोल सावकाराच्या हातात होतं, पण कोळसा त्याच्या हातात नव्हता. मी अण्णांना विचारलं, "ह्यो प्लँट इकनार का?" ते हसले. "गवतातनं उचलून नेलासा तर जागा मोकळी हुईल. काय द्यायचं ते द्या."

परतीच्या मोटारीत ह्यांनी विचारलं, "कोळसा पेटवनार कोन? साफ कोन करनार? डायवर पळून जात्यात म्हनले त्ये."

"मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. "गाडीत बसून?"

"मग काय गाडीमागं पळत?"

शेजारी बसलेला माणूस हसला. हे हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

आता इंजिन राहिलं होतं. सांबऱ्याला विमानतळाजवळ एका दलालानं लष्कराचा भंगार माल घेऊन ठेवला होता. टांग्यानं तिथं गेलो. माळावर टायरांचे ढीग, दारं नसलेल्या गाड्या, गवतात पडलेली लोखंडं. दलाल तरुण होता, तोंडात पान, पायात लष्करी बूट. आमचं काम ऐकून तो आम्हाला थेट एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि लाकडी खोक्याची फळी उचकटली. आत लष्कराच्या छोट्या जीपचं कोरं इंजिन. ग्रीस फासलेलं, कागदात गुंडाळलेलं, कधीच न चाललेलं. चार सिलिंडरांचं.

"तुमच्या नशिबाचं आहे," तो म्हणाला. "पितंय कमी, नवं आहे, तुमच्या गाडीत सहज बसेल. किंमतही तुम्हाला झेपेल अशीच."

ह्यांनी त्या ग्रीसवरून बोट फिरवलं. मला माहीत होतं, त्यांना काय वाटत होतं ते. जन्मभर लोकांनी वापरून टाकलेली यंत्रं हाताळलेल्या माणसाला कोरं इंजिन म्हणजे काय, ते दुसऱ्याला कळायचं नाही. ते म्हणाले, "ह्येच घेऊ."

मी विचारलं, "तिसरा हिस्सा ताकद गेल्यावर ह्यात काय उरंल?"

ते थांबले. "चढाला… न्हाय उरायचं फारसं."

"मग?"

"अगं, पर नवं हाय."

"नवं हाय, पर ल्हान हाय. सपाटीवर पळंल आनि चढावर आपल्याला पुन्ना सावकाराच्या दारात नेऊन उभं करंल."

बाहेर माळावर, चाकं काढून टाकलेल्या एका मोठ्या लष्करी लॉरीच्या सांगाड्यात, सहा सिलिंडरांचं इंजिन तसंच होतं. वरून गंजलेलं, त्यावर पक्ष्यांनी घरटं केलेलं. मी ते येतानाच पाहिलं होतं. मी म्हटलं, "त्ये बघू."

दलालानं पान थुंकलं. "वहिनी, ते पेट्रोल पितं पाण्यासारखं. म्हणून तर पडलंय. कुणी फुकटसुद्धा नेत नाही."

"पेट्रोल आमाला पाजायचंच न्हाय."

त्याला काही कळलं नाही. ह्यांना मात्र कळलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, घरटं अलगद काढून बाजूच्या झुडपात ठेवलं आणि कामाला लागले. आधी तेल बोटावर घेऊन चोळून पाहिलं, पांढुरकं नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलेलं नव्हतं. मग ठिणगीचे सगळे प्लग काढले. मला पुढं उभं केलं आणि हँडल फिरवायला सांगितलं. मी फिरवू लागले. ते प्रत्येक भोकावर अंगठा दाबून धरीत आणि आतली हवा अंगठा किती जोरानं ढकलते ते बघत. एकापाशी त्यांनी मला पुन्हा पुन्हा फिरवायला लावलं. माझे खांदे भरून आले.

"एक ढिलं हाय," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह जळलाय. पर त्यो घासून बसवता येतोय. बाकी पाच…" त्यांनी अंगठा मला दाखवला. लाल झाला होता. "बाकी पाच लई जोरात हायेत गं."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मी ओळखलं. इंजिन फुटल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनीच दलालाशी भाव केला, मी एक शब्द बोलले नाही. दलाल इंजिन बैलगाडीवर चढवताना गड्यांना म्हणत होता, "घेऊन जाऊ द्या, डोकं फिरलंय दोघांचं." मी त्याच्यासमोर उभं राहून ते ऐकलं. त्यानं मान फिरवली.

गाडी बैल जुंपून अंगणात ओढून आणली होती; इंजिन तिच्यातल्या जागेपेक्षा लांब निघालं. पाण्याची टाकी पुढं सरकवावी लागली, पुढची जाळी कापावी लागली. गिअरबॉक्सशी भोकं जुळेनात, म्हणून बेळगावच्या एका लेथवाल्याकडून मध्ये घालायची लोखंडी चकती करून घेतली. खानापूरच्या लोहारानं बाकीचं केलं आणि निपाणीहून आणलेला प्लँटही गाडीला बसवला. अंगणात गाडी उघडीवाघडी उभी, आणि येणारा जाणारा थांबून सल्ला देई. कुणी म्हणे एवढ्या वजनानं पुढचा आस मोडेल, कुणी म्हणे कोळशानं घर पेटेल. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. पण एकदा मी भर उन्हात नळ्यांतला गंज खरवडत बसले होते, तर पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून गेल्या.

पहिल्यांदा गाडी काढली ती बाजाराच्या दिवशी. मुद्दाम. हे म्हणत होते, सकाळी लवकर, कुणी नसताना काढू. मी म्हटलं, फुटायचं असंल तर सगळ्यांसमोर फुटू दे. मी पिंपात वडिलांकडून आणलेला खणखणीत कोळसा भरला, खाली निखारे घातले आणि भाता असतो तसा पंखा हातानं फिरवू लागले. गॅस धरायला बराच वेळ लागला. माझा चेहरा, लुगडं, हात सगळं काळं झालं. लोक जमले होते. सावकाराची दोन माणसंही होती. एक म्हणाला, "आता बाईनं बाजारात सैपाक मांडलाय." लोक हसले. मी पंखा फिरवत राहिले.

इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि मग धरलं. आवाज गोड नव्हता. मोठा, जाड, सावकाश आवाज होता. मी ह्यांच्या शेजारी चढून बसले. बाजारातून जाताना कुणी काही बोललं असेल, मला ऐकू आलं नाही.

लाकूड आम्हाला मिळणार नव्हतंच. सावकारानं सांगून ठेवलं होतं. पण जंगलापलीकडच्या वाड्यांत भात निघालं होतं आणि तिथपर्यंत दुसरी गाडी जात नव्हती. तिथल्या लोकांशी हे आधीच बोलून आले होते. परतताना भाताची पोती भरून आम्ही इंजिन फुटलं होतं त्याच चढाला लागलो. मध्यावर इंजिन दमायला लागलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबवा." चाकांना दगड लावले. गाळणीचं लहान पिंप उघडलं तर त्यातला काथ्या राखेनं गच्च भरला होता. मी तो उपसून झटकला, कोरडा भरला. वाकून काम करताना गॅस नाकात गेला आणि डोकं गरगरायला लागलं. ह्यांनी मला ओढून वाऱ्यावर बसवलं. "ऱ्हाऊ दे, पोती उतरवून जाऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, "एक पोतं उतरायचं न्हाय." थोड्या वेळानं उठले, पंखा फिरवला. गाडी हलली. बैलासारखी, एकेक पाऊल टाकत ती वर गेली. माथ्यावर पोचल्यावर हे एकटेच हसत होते, मोठ्यानं, आणि मला पण हसू आवरेना.

त्या मोसमात आम्ही भात वाहिलं, मीठ वाहिलं, बांबू वाहिले. सावकारानं माणूस पाठवला, गाडीचे आधीपेक्षा जास्त पैसे देतो म्हणून. मी चुलीपाशी होते. मी बाहेर यायच्या आत ह्यांनी त्याला सांगितलं, "न्हाय म्हनून सांग. आनि परत येऊ नको." मी तशीच भाकरी थापत राहिले.

कोळशावर आम्ही पुढं बरीच वर्षं चाललो. देश स्वतंत्र झाला तेव्हाही मी रोज सकाळी पिंपातली राखच उपसत होते. नंतर पेट्रोल कूपनाशिवाय मिळू लागलं. ह्यांनी प्लँट उतरवला आणि इंजिन पेट्रोलवर चढवलं. त्या दिवशी सासूबाई, शेजारणी, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आता पेटवायचं काही नाही, साफ करायचं काही नाही. आता बाईचं गाडीत काय काम?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीला हँडल मारत होते. मी डब्यात भाकरी बांधल्या, पदर खोचला आणि जाऊन माझ्या जागेवर बसले. सासूबाई दारात आल्या. "आता कशाला चाललीयास?"

"रोज जाती म्हनून आजबी चाललीया, आत्ती," मी म्हणाले.

ह्यांनी गाडीला वळसा घातला, आपल्या बाजूनं चढून बसले आणि म्हणाले, "दार नीट लाव. त्ये सैल झालंया."

मी दार ओढून घट्ट लावलं.